चाल फिरते, गाणं वाढतं

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, वीसेक किलोमीटरवर कळमेश्वर लागतं. कापूस-संत्र्याच्या या तालुक्याचं नाव संगीताच्या इतिहासात सहसा येत नाही. पण मराठी गाण्याचे प्रकार एकमेकांकडून काय घेतात, हे पाहायचं असेल तर याच परिसरात यावं.

तालुक्यातलं धापेवाडा म्हणजे विदर्भाची पंढरी. तिथली नदीही चंद्रभागाच. आषाढी पौर्णिमेला पंढरीचा विठ्ठल इथे येतो, ही इथली श्रद्धा. दिंड्या त्या दिवशी अभंग गात लोटतात. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात. लघुगुरूचं बंधन सैल असल्यामुळे तो अनेक चालींत रुळतो. सगळ्या गावाला गाता येतं ते यामुळेच.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. टिपऱ्यांच्या ठेक्यावर मुली गातात, शेवटी खिरापत ओळखतात. ही गाणी चार-पाच सुरांत फिरतात. एका ओळीतून दुसरी निघते, म्हणून लहान पोरीलाही ती ऐकून पाठ होतात. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या वेळी गोवारी बांधवांची बासरी आणि डफडी वाजतात. तिथे सूर गुरांच्या आणि नाचणाऱ्यांच्या पावलांबरोबर चालतो.

तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) भजनाचा आवाका वाढवला. खंजिरीच्या ठेक्यावर भक्तीबरोबर ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि स्वातंत्र्य आलं. १९४२च्या आंदोलनात त्यांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहावं लागलं. गुरुदेव सेवा मंडळांमुळे त्यांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजली.

खडी गंमत हे लोकनाट्य त्याच गावकऱ्यांची रात्र जागवतं. शाहीर आणि साथीदार उभ्यानेच सादरीकरण करतात, स्त्रीपात्रही पुरुषच रंगवतो. ढोलकी-तुणतुण्यावर पोवाडा, लावणी, कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब एका प्रयोगात येतात. लोकांच्या ओठावरची चाल घ्यायची आणि तिच्यात गावाचा प्रश्न भरायचा, ही शाहिराची हातोटी.

१४ ऑक्टोबर १९५६च्या नागपुरातल्या धम्मदीक्षेनंतर भीमगीतांना नवं बळ मिळालं. आंबेडकरी जलशाची परंपरा आधीची होती. तिला कव्वालीचा जोश आणि चित्रपटगीतांच्या चाली मिळाल्या. ओळखीच्या चालीमुळे नवा विचार पहिल्याच ऐकण्यात मनात ठसतो. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी छापील पुस्तकाची वाट न पाहता महाराष्ट्रभर गेली ती याच बळावर.

अमरावतीत जन्मलेले, नागपुरात राहिलेले सुरेश भट (१९३२–२००३) यांनी फारसी-उर्दूतली गझल मराठी मातीत रुजवली. ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ या संग्रहांत वृत्त काटेकोर आहे, बोली मात्र रोजची. त्याच भटांची भीमवंदना आज आंबेडकरी कार्यक्रमांत समूहाने गायली जाते. मैफलीतला कवी वस्तीत पोहोचतो, तेव्हा प्रकारांच्या भिंती किती पातळ आहेत ते कळतं.

आपले गीतसंग्रह शब्द छापतात. चाल, ठेका, प्रसंग आणि साथीदारांचा वाटा सुटून जातो. छापलेल्या शब्दांपेक्षा चाल आधी विसरली जाते. भुलाबाईची गाणी येणाऱ्या आजीबाई आणि गंमतीचे जुने शाहीर आज आपल्यात आहेत. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांचं गाणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावं, सोबत प्रसंग लिहून ठेवावा आणि पुढच्या पोरांना तेच गाणं त्याच चालीत शिकवावं. गाणं जपायचं म्हणजे ते गाता येणारी माणसं तयार करायची.