कळीची वेळ आणि शक्तिवर्धकाची निवड

भारतांतील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. तारघरांतली कडकट्ट तर त्याच्याहि पूर्वींच थांबली होती. परंतु मोर्सची लिपि मात्र अद्याप जिवंत आहे. परवाना काढून घरच्या घरीं बिनतारी केंद्र चालविणारे हौशी लोक जगभर आजहि ती वापरतात. कारण बोलण्याचा आवाज जेथें गोंगाटांत बुडून जातो, तेथेंहि टिंबें व रेघा कानाला ओळखूं येतात.

या छंदांत नव्यानें शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, कीं शक्तिवर्धक, म्हणजे प्रेषकाच्या लहरींना अधिक जोर देणारें यंत्र, किती वॅटचें घ्यावें? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याच्या अगोदर विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. कळ दाबल्यानंतरच्या पहिल्या कांहीं मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या थोड्याशा हजारांश भागांत, तें यंत्र कसें वागतें? मोर्सच्या संदेशाचें भलेंबुरें तेथेंच ठरतें.

मोर्समध्यें सर्व माप टिंबावरून घेतात. रेघ तीन टिंबांइतकी लांब. एका अक्षरांतील खुणांमधील अंतर एका टिंबाचें, दोन अक्षरांमधील तीन टिंबांचें व दोन शब्दांमधील सात टिंबांचें. वेग मोजण्यासाठीं ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. शेवटच्या अंतरासह तो बरोबर ५० टिंबांचा भरतो. त्या हिशेबानें मिनिटाला २० शब्दांच्या वेगांत एक टिंब ६० मिलिसेकंदांचें, आणि ३० शब्दांच्या वेगांत ४० मिलिसेकंदांचें होतें. एवढ्याशा अवकाशांत यंत्राला लहर सुरू करावयाची असते व थांबवावयाचीहि असते.

ही लहर कडा तुटल्यासारखी एकदम सुरू किंवा बंद झाली, तर तिची शक्ति नेमलेल्या जागीं राहत नाहीं. ती आजूबाजूच्या कंपनसंख्यांवर सांडते. शेजारच्या जागेवर दुसरा कोणी एखादें दूरचें क्षीण केंद्र ऐकत बसला असेल, तर त्याच्या कानांत प्रत्येक खुणेच्या आरंभीं व शेवटीं टक् टक् असा आघात होतो. यावर उपाय म्हणजे लहर सुमारें ५ मिलिसेकंदांत हलक्या उतारानें चढविणें व तशीच उतरविणें. उतार फारच लांबविला तर मात्र खुणा गुळमुळीत होतात, आणि वेगाच्या संदेशांत त्या एकमेकींत मिसळूं लागतात.

शक्तिवर्धक जोडला म्हणजे दुसरी अडचण उभी राहते. ऐकण्यासाठीं व पाठविण्यासाठीं एरियल बहुधा एकच असतें. म्हणून पाठवितांना तें ग्राहकाकडून वर्धकाकडे वळवावें लागतें. हें काम रिले करतो. आगगाडी येण्यापूर्वीं सांधेवाल्यानें सांधे बदललेले असले पाहिजेत, तसाच येथील नियम आहे. आधीं रिलेचे स्पर्शबिंदु मिटावे, मग लहर यावी. आणि शेवटीं आधीं लहर संपावी, मग रिले सुटावा. साध्या उघड्या रिलेला मिटावयास पुष्कळदां १० ते २० मिलिसेकंद लागतात. समजा, रिलेला इशारा दिल्यापासून १० मिलिसेकंदांनीं प्रेषकानें लहर सोडली आणि रिले १५ मिलिसेकंदांनीं मिटला. तर मधले ५ मिलिसेकंद लहरीला वाटच नसते. ती परत फिरते, स्पर्शबिंदूंत ठिणगी उडून ते जळतात, आणि वर्धकांतला ट्रँझिस्टर नाजूक असला तर एखादे दिवशीं तोहि बळी पडतो.

यासाठीं लहर थोडी उशिरा सोडण्याची युक्ति करतात. पण आरंभ १० मिलिसेकंद पुढें ढकलला आणि शेवट जागच्या जागीं ठेवला, तर ४० मिलिसेकंदांचें टिंब ३० मिलिसेकंदांचें होतें. त्याचा चौथा हिस्साच नाहींसा होतो. म्हणून आरंभ व शेवट दोन्ही सारखेच ढकलावे लागतात. दोन टिंबांच्या मधल्या जागेंतहि पलीकडच्याचें ऐकूं यावें अशी इच्छा असेल, तर थोड्याच मिलिसेकंदांत मिटणारा निर्वात रिले, किंवा हलणारा भागच नसलेला ‘पिन’ डायोड वापरावा. साधाच रिले असेल तर तो प्रत्येक टिंबाला न हलवितां शब्द संपेपर्यंत मिटलेला ठेवणें शहाणपणाचें.

आतां वर्धकाची निवड. सी वर्गाचा वर्धक पुरविलेल्या विजेचा मोठा भाग, बहुधा शेंकडा ७० च्या आसपास, लहरींत उतरवितो; म्हणून तो काटकसरीचा वाटतो. परंतु ठराविक मर्यादेखालील लहरीनें तो जागाच होत नाहीं. त्यामुळें प्रेषकानें जपून घडविलेल्या उताराचा पायथा कापला जातो, आणि टक् टक् पुन्हा सुरू होते. ए-बी वर्गाचा वर्धक जसें येईल तसेंच मोठें करतो. त्यांत शक्ति अधिक वाया जाते, पण उतार शाबूत राहतो. अर्थात् त्यालाहि कुवतीबाहेर रेटूं नये. कांहीं प्रेषकांचा जोर कमी करून ठेवला तरी पहिल्या क्षणीं त्यांतून पूर्ण शक्तीचा झटका निघतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

व्हॉल्व्ह कीं ट्रँझिस्टर, हा त्यापुढील प्रश्न. ३-५००-झेड हा व्हॉल्व्ह लागलीच कामाला तयार होतो. ८८७७ ला प्रथम तीन मिनिटें तापवावें लागतें. दोहोंनाहि हजारों व्होल्टांचा दाब लागतो, आणि त्याला हात लागणें म्हणजे प्राणाशीं गांठ. मात्र क्षणभराची चूक व्हॉल्व्ह बहुधा सोसतो. आजचे मोठे ट्रँझिस्टर सुमारें ५० व्होल्टांवर चालतात व वाट पाहावयास लावीत नाहींत. पण चुकीची शिक्षा ते तात्काळ भोगतात, म्हणून त्यांच्या सोबतीला संरक्षक मंडल हवेंच.

आणि एवढें करून पदरांत काय पडतें? १०० वॅटचे ४०० वॅट केले म्हणजे ६ डेसिबेलची वाढ होते, म्हणजे पलीकडच्या ग्राहकाच्या मापकावर एकच अंश. अमेरिकेंतील कमाल मर्यादा १५०० वॅटची. तेथवर मजल मारली तरी १०० वॅटवरून सुमारें दोनच अंश चढतात. उलट पाहिलें तर, वेडीवांकडी कळ चालविणाऱ्या बलाढ्य केंद्राचा उपद्रव मात्र दूरवर पोंचतो.

२००१ सालीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां हौशी केंद्रांनीं बाहेरच्या जगाशीं संदेशांची देवघेव केली. अशा प्रसंगीं एखादें केंद्र बॅटरीवरील थोड्याशा वॅटांवर हांक मारीत असेल, तर शेजारच्या आघातांनीं तें बुडून जाऊं नये. म्हणून नवा वर्धक जोडल्यावर गांवांतील एखाद्या स्नेह्याला आपल्या जागेच्या थोडें अलीकडे-पलीकडे ऐकावयास सांगावें, आणि साधेल तर लहरीचा आकार ऑसिलोस्कोपवर पाहावा. वॅट किती हें यंत्राच्या पाटीवर लिहिलेलें असतें. पहिल्या ५ मिलिसेकंदांत काय घडतें, तें मात्र असें ऐकून व पाहूनच समजतें.