तेल खवट होतं, तसं शरीरही? डेनहॅम हरमन यांची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज जमेल तेवढा तसाच ठेवलाय.

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पण त्यांच्या कल्पनेमुळे एक शब्द घराघरांत पोचला : अँटिऑक्सिडंट. ग्रीन टीच्या पाकिटावर, क्रीमच्या ट्यूबवर, अमेरिकेहून येताना भाचा मावशीसाठी आणतो त्या व्हिटॅमिन ईच्या बाटलीवर. या सगळ्यामागे आहेत डॉ. डेनहॅम हरमन. जन्म 1916, सॅन फ्रान्सिस्को.

हे गृहस्थ मुळात डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. बर्कलीहून पीएच.डी. केली आणि शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. तिथे त्यांचा संबंध आला फ्री रॅडिकल्सशी. म्हणजे काय? रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन बहुधा जोडीनं राहतात. एखाद्याची जोडी मोडली, की तो रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजाऱ्याची जोडी मोडते, तो पुढच्याचा ओढतो... अशी साखळी. दिवाळीतल्या करंज्या महिनाभर डब्यात राहिल्या की खवट लागतात ना, ती हीच साखळी. रबर चिरतं, त्यातही हिचा हात असतो.

1945 च्या डिसेंबरमध्ये पत्नी हेलन यांनी त्यांना एका मासिकातला लेख दाखवला, म्हातारपणावरच्या संशोधनाचा. तो त्यांच्या डोक्यातून गेलाच नाही. चांगली नोकरी सोडून ते स्टॅनफर्डला वैद्यकशास्त्र शिकायला गेले आणि 1954 मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी बर्कलीत त्यांच्या मनात आलं : जी साखळी तेल खवट करते, तीच शरीरात चालत असेल तर? क्ष-किरणांनी शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात हे तेव्हा माहीत होतंच. हरमन म्हणाले, किरण कशाला हवेत? आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनपासूनही ती तयार होत असणार. 1956 मध्ये हा सिद्धान्त छापून आला. फार कुणी मनावर घेतला नाही. मग 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं, की शरीरात सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल निकामी करणारं खास एन्झाइमच आहे. चोर नसता तर पहारेकरी कशाला नेमला असता?

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हरमन यांनी उंदरांच्या खाण्यात अँटिऑक्सिडंट मिसळून पाहिले. उंदरांचं सरासरी आयुष्य वाढलं, पण सगळ्यात जास्त जगणाऱ्या उंदरांची मर्यादा काही पुढे सरकेना. दुसऱ्या कुणी अर्धं यश मिरवलं असतं. यांनी विचारलं, असं का? 1972 मध्ये त्यांनी उत्तर सुचवलं : आयुष्याचं घड्याळ मायटोकाँड्रियात असावं, आणि बाहेरून दिलेलं औषध तिथवर नीट पोचत नसावं.

मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, पेशीचं वीजघर. स्लॅब टाकताना कामगार रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसे इथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. शेवटी ऑक्सिजन त्यांना घेतो आणि पाणी तयार होतं. पण घमेल्यातून वाटेत थोडं सांडतंच. तसा एखादा इलेक्ट्रॉन मधेच ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड तयार. आणि गंमत म्हणजे मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, आईकडून आलेला, फक्त 37 जनुकांचा. तो या सांडलवंडीच्या अगदी शेजारी.

इतकं चपखल जुळल्यावर गोळ्यांचा बाजार तेजीत येणारच. पण प्रयोगांनी वेगळंच दाखवलं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट 18 टक्के जास्त आढळला. 2009 मध्ये जर्मनीत तरुणांवर प्रयोग झाला. व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं, पण सोबत व्हिटॅमिन सी आणि ईच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसलीच नाही. थोडी रॅडिकल्स ही शरीरासाठी निरोप असतात. निरोप्यालाच दारात अडवलं, तर आतल्यांना कळणार कसं?

सिद्धान्ताची थेट परीक्षाही झाली. मायटोकाँड्रियातला तो पहारेकरी एन्झाइम जन्मतः निम्माच असलेले उंदीर घेतले. त्यांच्या डीएनएची हानी जास्त झाली, कॅन्सरही वाढला. आयुष्य मात्र नेहमीच्या उंदरांएवढंच! 2003 चा हा निकाल हरमन यांच्या मूळ मांडणीला बराच जड गेला.

मग ते चुकले म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. 2004 मध्ये स्वीडनमध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात मायटोकाँड्रियाच्या डीएनएची नक्कल करताना चुका दुरुस्त होत नव्हत्या. त्यांचे केस गळले, पाठीला बाक आला, हाडं ठिसूळ झाली, आणि ते लवकर मेले. पण रॅडिकल्सची हानी त्यांच्यात फारशी वाढलेली आढळली नाही. म्हणजे हरमन यांनी घर बरोबर ओळखलं होतं. त्या घरात नेमकं काय बिघडतं, ते वाटलं त्याहून गुंतागुंतीचं निघालं. आणि म्हातारपण हे रसायनशास्त्राच्या टेबलावर मांडून तपासता येतं, हे 1956 मध्ये म्हणायला धाडस लागतं, बरं का!

1958 पासून ते ओमाहाला, नेब्रास्का विद्यापीठात होते. नव्वदी ओलांडल्यावरही कामावर जायचे. नोव्हेंबर 2014 मध्ये, 98 व्या वर्षी गेले. ते स्वतः व्हिटॅमिन सी आणि ई घ्यायचे. ‘बघा, म्हणूनच इतके जगले’ असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा की ते ऐंशीपर्यंत नियमित पळायलाही जायचे, आणि एका माणसावरून काहीच ठरत नाही.

राहिली मावशीची बाटली. रक्ततपासणीत कमतरता निघाली म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन दिलं असेल, तर ते आपल्या मनानं बंद करू नका. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे, वय थांबवतं’ एवढ्यावरच घेतलेली असेल, तर या भागाची लिंक मावशीला जरूर पाठवा.