बीव्हर हा मासा, साबुदाणा हा उपवास

आषाढी एकादशीचं ताट एकदा निरखून बघा. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, हिरव्या मिरच्या, बाजूला रताळ्याचा कीस. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दींच्या गलबतांतून इकडे आलेली. तेराव्या शतकात ज्ञानेश्वर पंढरीला गेले तेव्हा यातलं काहीच तिथे मिळत नव्हतं. आणि हळद? ती इथलीच, पूजेला हवीच, पण उपवासाच्या खिचडीत चिमूटभर पडली तर आजी ताट सारून उठते.

कारण अगदी साधं. काय खायचं नाही याची यादी जुनी आणि हे पाहुणे नवे. यादीत नाव नाही, म्हणजे परवानगी आहे! वरीच्या तांदळाची गंमत तर आणखी वेगळी. वरी हे गवताच्या कुळातलं धान्य, ज्वारी-बाजरीचं चुलत भावंड, तरी ती उपवासाला चालते आणि साधा तांदूळ चालत नाही. कोथिंबीर चालते का, यावर दोन व्याह्यांमध्ये अबोला होऊ शकतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही पडली.

देवाच्या दारचं प्राणिशास्त्र

आपण निदान शाकाहारातच फिरतो. कॅथलिक चर्चनं उपवासासाठी प्राणिशास्त्रच नव्यानं मांडलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासे चालतात. सतराव्या शतकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये प्रश्न आला की बीव्हरचं काय? चार पाय, अंगावर दाट केस, पिलांना दूध पाजणारा, पण शेपूट खवल्यांची आणि मुक्काम पाण्यात. उत्तर मिळालं, मासाच तो. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा उंदीरवर्गीय प्राणी याच न्यायानं मासा झाला आणि पवित्र आठवड्यात आजही त्याला मोठी मागणी असते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी तर 2010 साली एका भाविकाला लेखी कळवलं की मगरीच्या जातीतला अ‍ॅलिगेटर या कामापुरता माशांतच मोडतो.

बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डनं आयर्लंडमधली एक तक्रार लिहून ठेवली आहे. तिथले काही धर्मगुरू उपवासाच्या दिवशी बार्नेकल जातीचे हंस बिनदिक्कत खात. सबब अशी, की हे पक्षी अंड्यातून येतच नाहीत, समुद्रात तरंगणाऱ्या लाकडावरच्या शिंपल्यांतून उगवतात, मग ते मांस कसलं! त्यांची घरटी दूर उत्तरेच्या थंड प्रदेशात, कुणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे खोटं तरी कोण पाडणार?

उपवासाच्या आदल्या दिवशी मनसोक्त हादडून घेण्यात मात्र सगळे धर्म सख्खे भाऊ. गोव्यात लेंटच्या तोंडावर कार्निव्हल, आपल्याकडे श्रावणाच्या तोंडावर गटारी. दिव्यांच्या अवसेला हे नाव कसं पडलं, ते त्या रात्री रस्त्यावर चालणाऱ्याला सांगावं लागत नाही.

लोण्याचा मनोरा

लेंटमध्ये लोणीही बंद असे. इटली-स्पेनवाल्यांचं त्यात काय जातं, त्यांच्याकडे ऑलिव्हचं तेल रगड. अडचण उत्तरेकडच्यांची, जिथे ऑलिव्ह उगवतच नाही. मग तोडगा निघाला की पैसे भरा आणि लोणी खा. फ्रान्समधल्या रूआँ शहरात पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॅथेड्रलला एक देखणा मनोरा बांधायला घेतला, त्याच्या खर्चाला हा पैसा लागला. त्याला लोक आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. पाप करण्याच्या परवान्यातून इतकी सुंदर वास्तू उभी राहिलेली दुसरी मला तरी ठाऊक नाही.

जर्मनीत ड्रेस्डेनचा श्टोलेन हा ख्रिसमसचा केक प्रसिद्ध आहे. तो पूर्वी तेलात होई आणि घशाखाली उतरत नसे. 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीला लोणी वापरण्याची मुभा दिली, तीही अर्थात देणगी घेऊन. पुढे 1520 मध्ये मार्टिन ल्यूथर या प्रकारावर तुटून पडला. रोमवाले स्वतः जे तेल जोड्यांनाही लावणार नाहीत ते आम्हाला खायला घालतात आणि वर लोण्याचा परवाना विकतात, हा त्याचा रोख. प्रॉटेस्टंट पंथाच्या जन्माला मोठमोठी तात्त्विक कारणं आहेतच, पण न मिळालेल्या लोण्यालाही थोडं श्रेय द्यायला हरकत नाही.

चॉकलेटवाल्यांचं मात्र फुकटात सुटलं. त्या काळी चॉकलेट प्यायचं पेय होतं आणि त्यानं उपवास मोडतो का यावर युरोपात बरीच वर्षं वाद रंगला. 1660 च्या दशकात कार्डिनल ब्रांकाचो यांनी निवाडा दिला की पातळ पदार्थानं उपवास मोडत नाही. आपल्याकडे उपवासाला चौथा कप चहा घेणाऱ्यांनी या गृहस्थांची तसबीर लावायला हवी.

न्यूयॉर्कची तार

ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घराबाहेर काहीही वाहून न्यायचं नाही, किल्लीसुद्धा नाही आणि कडेवर मूलसुद्धा नाही. म्हणून मॅनहॅटनच्या मोठ्या भागाभोवती खांबाखांबांवरून एक बारीक तार ओढलेली आहे. तारेच्या आतला सगळा मुलूख धर्माच्या हिशेबानं ‘घर’. तार कुठे तुटली नाही ना, हे दर आठवड्याला तपासलं जातं. पासोव्हरच्या सणाला घरात खमीर आणलेलं धान्य असता कामा नये, तर इस्रायल सरकार आपला सगळा साठा त्या काळापुरता एका बिगरज्यू माणसाला रीतसर कागद करून विकतं. सण संपला की सौदा फिरतो आणि धान्य जागच्या जागी.

याला मी ढोंग म्हणणार नाही. ज्यूंचे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, हे लपूनछपून करत नाहीत. पळवाट कशी काढायची याचाही त्यांच्याकडे शास्त्रशुद्ध नियम आहे आणि तो मोडला तर पळवाट बाद. शिवाय ती सगळ्यांना सारखी खुली. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना तर तारबीर कुणी शिकवलीच नव्हती. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा सरळ बंद ठेवत. गावानं त्यांचं नावच ‘शनिवार तेली’ पाडलं.

चांदीचे रांजण आणि चहाचा पेला

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, अशी एकोणिसाव्या शतकातली पक्की समजूत. 1902 मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांना सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला जायचं होतं. त्यांनी अख्खी बोट भाड्यानं घेतली आणि प्रवासभर पुरेल इतकं गंगाजल चांदीच्या रांजणांतून बरोबर नेलं. एकेका रांजणाचं वजन 345 किलो, मावतं सुमारे 4000 लिटर पाणी. त्यातले दोन जयपूरच्या राजवाड्यात आजही बघायला मिळतात. त्याआधी एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची मराठी माणसं मजुरीसाठी मॉरिशसला गेली. समुद्र तोच, फक्त त्यांच्या गाठोड्यात रांजण मावण्यासारखा नव्हता.

पुण्यात तर समुद्राचीही गरज पडली नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, टिळक अशी बडी मंडळी हजर. सभेनंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता ओठाला लावला, कुणी पेला तसाच खाली ठेवला. या सगळ्यामागे होते डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी. त्यांनी चाळीसेक जणांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून मोकळं केलं! ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, घराघरांत पंगतींवरून भांडणं लागली. टिळकांनी सांगितलं, मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. घोट किती घेतला यावर शास्त्रीपंडितांनी इतका खल केला, पण ज्या चहावरून हे रामायण घडलं त्याचा स्मृतिग्रंथांत पत्ताच नाही. साबुदाण्याला जी सवलत मिळाली ती बिचाऱ्या चहाला मिळाली नाही.

अशा प्रायश्चित्तात पंचगव्य ठरलेलं. माणसाला ते चमचाभर पुरतं, तळ्याला किती लागतं याचाही आकडा आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं 1924 मध्येच सर्वांना खुलं केलं होतं, पण फक्त कागदावर. मुसलमान तिथे पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पीत. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी ते पाणी ओंजळीनं घेतलं, तेव्हा कुठे तळं बाटलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी मंत्रघोषात त्यात ओतल्या गेल्या आणि पाणी पुन्हा पिण्यायोग्य झाल्याचं जाहीर झालं.

प्रकरण कोर्टात गेलं. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देणं ही आमची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असं प्रतिपक्षाचं म्हणणं. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला की अशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आलेली नाही.