यजमान एक, पाहुणे अनेक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"सर्व्हर स्लो आसा, चाचा. उद्या येवा."

हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकले असेल. मी ते एका सेवा केंद्राच्या खिडकीपाशी ऐकले. बहिणीच्या काजूच्या बागेचा विमा भरायचा होता, मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि सकाळपासून आम्ही दोघे रांगेत उभे होतो. बहिणीची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती. खिडकीतल्या मुलाला मी नको ते बोललो. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा एकदा बटण दाबले. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. पुढे मुदत दोन दिवसांनी वाढली म्हणून निभावले. वाढली नसती तर?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. फोंडाघाटात बसून संगणकाच्या पोटात शिरण्याचे माझे वय नव्हे. पण तो 'स्लो' शब्द डोक्यातून जाईना. माझा भाचा पुण्यात अशाच यंत्रांवर काम करतो. तो ईदला घरी आला तेव्हा त्याला विचारले, "हा सर्व्हर नेमका का दमतो रे?" तो हसला. म्हणाला, "मामू, शंभर कारणं असतात. तुमच्या त्या दिवसाचं कारण मला इथून सांगता येणार नाही. पण त्यातलं एक तुम्हाला आवडेल, कारण त्यात यजमान आहे आणि पाहुणे आहेत."

त्याने सांगितले ते असे. आज मोठ्या संस्थांची कामे ज्या संगणकांवर चालतात त्यांतले पुष्कळसे संगणक खरे नसतात. आभासी असतात. एका दणकट खऱ्या संगणकात दहा-वीस आभासी संगणक राहतात. खरा तो यजमान, आभासी ते पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला वाटते, हे घर आपल्या एकट्याचे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने १९६० च्या दशकातच एका महागड्या यंत्राचे असे अनेक भास तयार केले आणि १९७२ मध्ये ही सोय बाजारात आणली. पुढे १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि तिने साध्या संगणकावरही हे करून दाखवले. २००५ पासून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी या कामाची सोय थेट चिपमध्येच घालायला सुरुवात केली. २००७ मध्ये केव्हीएम नावाची रचना लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'मेघराज' या क्लाउडची सुरुवात २०१४ ची. क्लाउड म्हणतात त्याच्या बुडाशी मुख्यतः हीच यजमान-पाहुण्यांची व्यवस्था असते.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक केला, तेव्हा अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून एक मोठे काम उरकायचे होते. इथे नेमके उलटे आहे. मोजके प्रोसेसर आहेत आणि ते अनेकांना पुरवायचे आहेत. आता पुरवायचे म्हणजे कसे?

इथे मला आमच्याकडची पाण्याची पाळी आठवली. घाटाच्या पायथ्याशी ओहोळ अडवून पाट काढतात. त्या पाटावर पोफळीच्या बागा. पाट एक, बागा अनेक, म्हणून पाळी. कुणाची पाळी कधी, हे वहीत लिहिलेले. ज्याची पाळी त्याच्या बागेत पूर्ण पाट वळतो. तेवढा वेळ तो पाटाचा धनी. पाळी संपली की बांध फिरतो आणि पाणी पुढच्या बागेत जाते.

मी हे सांगितले तसा भाचा उठून बसला. "मामू, अगदी हेच!" मग आम्ही दोघांनी मिळून जुळणी केली. पाट म्हणजे खरा प्रोसेसर, त्याला 'कोअर' म्हणतात. बाग म्हणजे पाहुण्याचा आभासी प्रोसेसर. आणि वहीतले नाव म्हणजे 'थ्रेड'. शब्दाचा अर्थ धागा, पण इथे काम रांगेतल्या नावाचे. केव्हीएमसारख्या व्यवस्थेत नियम सरळ आहे : प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे यजमानाच्या वहीत एक थ्रेड. पाहुण्याला चार प्रोसेसर दिले, तर वहीत चार नावे चढतात. यजमानाच्या स्वतःच्या बारीकसारीक कामांची नावेही त्याच वहीत असतात. वही सांभाळणाऱ्याला 'शेड्युलर' म्हणतात. हे नाव आभासी संगणकाचे आहे की साध्या कामाचे, हा भेद तो सहसा करत नाही. नाव आले की त्याला एखादा मोकळा पाट देतो. काही मिलिसेकंदांनी पाळी संपते. तेव्हा पाहुण्याचे काम जिथे होते तिथल्या सगळ्या खुणा जपून ठेवल्या जातात आणि पुढच्या पाळीला तिथूनच सुरुवात होते. झोपलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे जागे झाल्यावरच कळावे, तसे पाहुण्याचे होते.

आता हिशेब पाहा. यजमानाकडे आठ कोअर आहेत. तीन पाहुणे आले, प्रत्येकाला चार आभासी प्रोसेसर दिले. वहीत नावे झाली बारा. पाट आठ, नावे बारा. तरी एरवी काही अडत नाही. कारण सगळ्यांना एकाच वेळी तहान नसते. ज्या प्रोसेसरला काम नाही तो स्वतःहून पाळी सोडतो. पाचांनाच काम असेल तर पाट उलट रिकामे पडतात. याच भरवशावर क्षमतेपेक्षा जास्त नावे लिहिली जातात. त्यात लबाडी नाही, काटकसर आहे. सगळ्या जागांवर आरक्षण असलेले सगळे प्रवासी येणारच नाहीत, असे धरून चालण्यासारखे ते आहे.

पण शेवटच्या तारखेला सगळे येतात. बारा नावांना एकाच वेळी पाणी हवे असते. मग प्रत्येकाच्या वाट्याला तासातली चाळीस मिनिटे. उरलेली वीस मिनिटे तो ताटकळतो. या हिरावलेल्या वेळेला लिनक्समध्ये नाव आहे 'स्टील टाइम', म्हणजे चोरीला गेलेला वेळ. पाहुण्या संगणकाच्या आतूनही तो आकडा पाहता येतो. त्या दिवशी रांगेत आमचाही असाच वेळ गेला होता, मात्र त्याचा आकडा कुठे उमटला नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. समजा, दोन भावांच्या दोन बागा आहेत आणि पाणी वळवायचे खोरे दोघांत एकच. थोरल्याची पाळी संपली आणि तो खोरे हातात धरूनच झोपी गेला. आता धाकट्याच्या बागेत पाणी आले, पण वळवणार कशाने? तो भावाच्या उशाशी बसून विचारत राहतो, "झालं का? झालं का?" पाणी मात्र वाहून जाते. एकाच पाहुण्याच्या दोन आभासी प्रोसेसरांत असे घडते. एकाने सामायिक गोष्टीवर कुलूप घातले आणि तेवढ्यात त्याची पाळी गेली, तर दुसरा खऱ्या प्रोसेसरवर बसून 'सुटलं का?' एवढेच विचारत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, केवढे काम चालले आहे! म्हणून संगणक मंद झाला की आणखी आभासी प्रोसेसर देऊन टाकणे हा उपाय दरवेळी लागू पडत नाही. वहीत नावे वाढतात, पाणी वाढत नाही.

यावर तोडगे निघाले आहेत. व्हीएमवेअरने भावांच्या पाळ्या शक्यतो बरोबरीने चालवण्याची पद्धत आणली. नव्या चिपांना असे नुसते घुटमळणे ओळखता येते. मग त्याची पाळी काढून दुसऱ्याला देतात. तिसरा उपाय म्हणजे एखाद्या बागेला ठरावीक पाट नेमून देणे. नाजूक, वेळेच्या कामांसाठी तो चांगला. पण त्या पाहुण्याचा पाट भरलेला आणि शेजारचा मोकळा असला, तरी त्याला तिकडे जाता येत नाही. आणि तो पाट इतरांनाही बंद ठेवला असेल, तर धनी झोपला तरी पाणी दुसऱ्याला मिळत नाही.

मी भाच्याला शेवटचा प्रश्न विचारला, "किती नावे लिहायची, हे यंत्र ठरवतं का?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "नाही मामू. ते माणूस ठरवतो."

मला हवे ते उत्तर मिळाले. पाळी यंत्र सांभाळते, आणि प्रामाणिकपणे सांभाळते. पण पाट किती, नावे किती, शेवटच्या तारखेला किती गर्दी होईल, हा अंदाज माणसाचा. आमच्या पाटावर मे महिन्यात ओहोळ आटतो, तेव्हा वहीवाला नवे नाव चढवत नाही. एखाद्याने हट्ट धरलाच, तर जुने लोक त्याला ओहोळापाशी नेऊन पाणी दाखवतात. दूरच्या खोलीतल्या यजमानाचा ओहोळ रांगेतल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त खिडकीतला मुलगा.

तो मुलगा पाटाचा धनी नव्हता आणि वहीवालाही नव्हता. आमच्यासारखाच तोही पाळीची वाट पाहत होता. हे समजल्यावर मी पुन्हा त्या केंद्रात गेलो. या वेळी काही काम नव्हते. जाताना बहिणीच्या बागेतले मूठभर काजूगर कागदात बांधून नेले. त्याने मला ओळखले आणि जरा बिचकूनच म्हणाला, "चाचा, आज सर्व्हर बरो आसा."

मी म्हटले, "असूंदे रे. आज मी तुला भेटायला आलो आहे."