पस्तीसचे नव्याण्णव

शाळेच्या संगणकावर गुणपत्रक तयार करताना ३५ गुण भरले आणि छापील कागदावर ९९ आले, तर आपण आधी लिपिकाला दोष देतो, मग व्हायरसला. दोष रॅमचाही असू शकतो. द्विमान पद्धतीत ३५ म्हणजे ००१०००११. डावीकडून दुसऱ्या शून्याचा एक झाला की ०११०००११, म्हणजे ९९!

रॅममधील प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रावरचा विद्युतभार असतो आणि एक ट्रान्झिस्टर त्याची राखण करतो. या रचनेचे पेटंट रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळाले. भार सतत गळत असल्याने प्रत्येक धारित्र साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत वाचून पुन्हा भरावे लागते. एखादे त्याआधीच रिते झाले, तर बिट उलटा वाचला जातो. (काही धारित्रांत रितेपण म्हणजेच १, त्यामुळे चूक दोन्ही दिशांनी होते.)

मात्र उलटलेला प्रत्येक बिट म्हणजे बिघाड नव्हे. चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणही बिट उलटवतात, हे इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी १९७८ साली दाखवले. अशी चूक त्याच जागी पुन्हा होत नाही. बिघाड मात्र वारंवार दिसतो. म्हणून चाचणी पुनःपुन्हा घ्यायची. मेमटेस्ट८६ सारखा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवला, तर तो ठरावीक आकृतिबंध लिहून परत वाचतो. चुका दिसल्यास एकेक स्टिक त्याच खोबणीत लावून तपासावी. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक सदोष. खोबणीपाशीच राहिली तर मदरबोर्ड.

या काळात जुन्या बॅकअपवर नवी प्रत चढवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू.

स्टिक बदलताना प्लग काढावा आणि सांगाड्याच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा. डीडीआर३ व डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. जुळत नसेल तर जोर लावू नये. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याचा आपल्याकडचा उपाय कधी लागू पडतो, पण तो मळलेल्या पट्ट्यांपुरता. गळके धारित्र त्याने बरे होत नाही.

नवी स्टिक बसवल्यावर रात्रभर चाचणी चालू ठेवावी. डिस्कवर आधीच गेलेला ९९ मात्र तसाच राहतो. तो शोधायला उत्तरपत्रिकाच काढाव्या लागतात.