ब्रॅकेट बनवण्याआधी कॉम्प्युटरवर वाकवून बघा

फॅब्रिकेशनचा छोटा धंदा डोक्यात असेल तर हे नीट वाचा. कॅड म्हणजे वस्तूचं मॉडेल कॉम्प्युटरवर काढणं. एफईए म्हणजे त्या मॉडेलचे हजारो बारीक तुकडे पाडून कुठे किती ताण येतो ते काढणं. मी स्वतः बीबीए, इंजिनिअर नाही. फ्रीकॅड फुकट मिळतं आणि त्यात दोन्ही कामं होतात.

समजा, किराणा दुकानाच्या फळीसाठी ब्रॅकेटची ऑर्डर आहे. माइल्ड स्टीलची 40 बाय 6 मिमी पट्टी, भिंतीपासून 300 मिमी बाहेर, टोकावर 50 किलो. खाली गिऱ्हाईक उभं राहणार, त्यामुळे "टिकेल हो" म्हणून चालत नाही.

आधी कागद-पेन घ्या. 50 किलो म्हणजे साधारण 500 न्यूटन. 500 गुणिले 300 म्हणजे 1,50,000. याला सेक्शन मॉड्युलसने भागायचं. तो काढायला पट्टीची रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, भागिले 6. पट्टी उभी लावली तर 1600 येतो आणि ताण सुमारे 94 एमपीए. आडवी लावली तर फक्त 240, ताण 625! ई250 ग्रेडच्या स्टीलची यील्ड मर्यादा 250 एमपीए. म्हणजे पट्टी तीच, पैसे तेवढेच. उभी लावली तर अडीच पटीहून जास्त सुरक्षित, आडवी लावली तर वाकणारच.

आता एफईए करा. उत्तर 94 च्या आसपास यायला हवं. 9 आलं तर फोर्सच्या रकान्यात न्यूटनऐवजी किलोचा आकडा टाकलाय का ते बघा. आणि एक गंमत सांगतो, साधं लिनिअर अ‍ॅनालिसिस 625 सुद्धा निमूटपणे दाखवतं. पट्टी वाकली असं ते सांगत नाही, यील्डशी तुलना आपणच करायची.

आतला कोपरा अगदी काटकोनी ठेवला तर मेश बारीक कराल तसा तिथला आकडा वाढतच जातो. त्याला घाबरून जाडी वाढवू नका, स्टीलचे पैसे फुकट जातील. खऱ्या वस्तूत असेल तेवढी गोलाई मॉडेलमध्ये द्या आणि मेश दोन-तीनदा बारीक करून आकडा स्थिरावतो का बघा. रंगीत चित्र बघून खूश होणारे पुष्कळ भेटतील, हे तपासणारे कमी.

वेल्डिंगचं मात्र वेगळं आहे. मॉडेलमध्ये जोड एकसंध धातूसारखा धरला जातो, प्रत्यक्षात तो वेल्डरच्या हातावर असतो. भिंत आणि अँकर बोल्ट तर आपण मॉडेलमध्ये घेतलेलेच नाहीत.

म्हणून पहिला नग तयार झाला की वर्कशॉपमध्ये पक्का बसवा, टोकाला 75 किलो वाळूच्या गोण्या रात्रभर टांगा, खाली कोणाला फिरकू देऊ नका. सकाळी गोण्या काढून टोकाची उंची मोजा. मूळ जागी परत आलं नसेल तर आधी जोड तपासा, कोटेशन नंतर पाठवा.