हिच बसवल्याने पिकअपची ताकद वाढत नाही

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींत ट्रॅव्हल ट्रेलरच्या गप्पा रंगतात आणि एक सल्ला हमखास कानावर पडतो: ‘‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच लाव, मग तुझी पिकअप वाटेल ते ओढेल.’’ हे साफ चूक आहे. आणि हा सल्ला मानून लोक सगळं कुटुंब गाडीत बसवून रॉकीजचे घाट उतरतात, म्हणून त्याचा राग येतो.

हा हिच नेमकं काय करतो, ते आकड्यांतच पाहू. भरलेला ट्रेलर ३००० किलोचा आहे आणि त्याचं नाक पिकअपच्या मागच्या गोळ्यावर ३६० किलोंनी टेकतंय. हे झालं टंग वेट. साध्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, तेव्हा इथवर सगळं ठीक. पण तो गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्याही दीड मीटर मागे असतो. पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.७ मीटर धरलं, तर तरफेच्या साध्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर ३६० नव्हे, ५०६ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचे १४६ किलो उचलले जातात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालतं, ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. खरा धोका इथे आहे.

हिचचे स्प्रिंग बार ताणून बसवले की ते जोडाला खालून पीळ देतात. समजा, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलवर निम्मे, म्हणजे ७३ किलो परत आले. गोळ्यापासून ट्रेलरचा अ‍ॅक्सल पाच मीटरवर असेल, तर साधारण ४२ किलो तिकडे जातात. उरलेले ३१८ किलो? ते पिकअपच्याच चाकांवर आहेत. भाराची वाटणी बदलली, भार कुठेही पळाला नाही. फ्रेम, इंजिन, ब्रेक, टायर काल होते तेच आज आहेत. मग क्षमता वाढली कशी म्हणायची?

गैरसमजाचं मूळ बहुधा रिसीव्हरवरच्या, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या पिकअपच्या मागच्या खोबणीवरच्या लेबलात आहे. तिथे दोन आकडे असतात: असा हिच नसताना इतकं, असताना इतकं. दुसरा मोठा असतो. पण तो बक्षीस म्हणून मिळालेला जादा आकडा नव्हे. अमुक वजनापुढे हा हिच लावलाच पाहिजे, आणि लावूनही याच्या वर जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय बहुतेक वेळा ओढण्याच्या मर्यादेआधी पेलोड संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा: माणसं आणि सामान मिळून किती, ते किलो आणि पौंड दोन्हींत दिलेलं असतं. समजा, ते ७०० किलो आहे. टंग वेट ३६०, चार माणसं २८०, खुद्द हिच ४०. झाले ६८०. सायकली, कूलर, लाकडं अजून अंगणातच आहेत.

‘‘पुढची बाजू पहिल्या उंचीवर येईपर्यंत बार ताणायचे’’ हाही जुना सल्ला अजून फिरतो. फोर्ड एफ-१५०च्या अलीकडच्या पुस्तिकांत वाढलेल्या उंचीपैकी निम्मीच कमी करायला सांगितलं आहे, कारण जास्त ताणलं की मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर ती घसरू शकतात. ट्रेलर जोडण्याआधी सपाट जागी पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. ती ९६ सेंटिमीटर भरली आणि जोडल्यावर ९९ झाली, तर बार लावल्यावर ९७.५ हवी. अर्थात निर्मात्यागणिक हे प्रमाण बदलतं, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका उघडाच. टेपने समाधान झालं नाही, तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. तिथे प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. बार लावून, बार काढून आणि ट्रेलर सोडून अशी तीन वजनं घेतलीत की वाद मिटतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘‘एअरबॅग लावल्या की हिच नको.’’ मागच्या सस्पेन्शनला लावायच्या या हवेच्या पिशव्या मागची बाजू वर उचलतात, पण पुढच्या चाकांवरचा गेलेला भार परत आणत नाहीत.

‘‘या हिचमुळे ट्रेलर झुलत नाही.’’ मागे जास्त सामान भरून बैलगाडीसारखा उलाळ केलेला ट्रेलर वेग वाढला की झुलणारच. सामान पुढे घ्या, वेग कमी ठेवा. झुलणं आवरायची सोय काही हिचमध्ये असते, सगळ्यांत नसते.

‘‘कुठल्याही ट्रेलरला चालतो.’’ सर्ज ब्रेक ट्रेलरच्या पुढे सरकण्याच्या धक्क्यावर चालतात आणि काही हिच ती हालचाल अडवतात. तुमच्या ट्रेलरला तसे ब्रेक असतील, तर हिच त्यांच्याबरोबर चालतो असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय तो विकत घेऊ नका.